टाचणीची झोप

पुस्तक वाईट निघालं असतं तर किती बरं झालं असतं! दोन शिव्या घातल्या असत्या, परत फळीवर ठेवलं असतं आणि विषय मिटला असता. पण मेलं चांगलं होतं. असं चांगलं, की दुपारची सुट्टी संपत आल्याचं भान राहू नये.

कवळीवाल्या बाई त्या दुकानातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून आठवड्यात तिसऱ्यांदा ते पुस्तक चाळत होत्या. कवळीवाल्या म्हणजे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करणाऱ्या. डॉक्टरने तोंडाचं माप पाठवायचं, आणि बाईंनी प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवून, एकेक दात बसवून, कुणातरी म्हाताऱ्याची हसायची सोय करून द्यायची. "कवळी दिसते कशी ते काय करायचंय? चावते कशी ते बघा," असं त्या लॅबमधल्या नव्या मुलींना सतत ऐकवत. पुस्तकालाही त्यांनी तोच न्याय लावला होता. चित्रं एकाहून एक होती, पण चित्रांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

पुस्तक गोष्टींचं नव्हतं, खेळाच्या नियमांचं होतं. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस आपलं म्हणून घ्यायचं, आणि सूत्रधाराने "तू काय करतोस?" असं विचारलं की त्या माणसाच्या वतीने उत्तर द्यायचं. अवघड काही करायचं असलं तर फासे टाकायचे. खेळ अंतराळातला. यानं, परके ग्रह, चाचे, संपत आलेली हवा, सगळा जामानिमा. बाईंकडे याच खेळाची जुनी आवृत्ती होती, तिची पानं आता हातात येऊ लागली होती. ही आवृत्ती नवीकोरी.

हवेचंच घ्या. जुन्या पुस्तकात हवा संपायला लागली की तीन पानांची कोष्टकं उघडावी लागत आणि फासे टाकून टाकून मनगट दुखे. नव्याने ते सगळं एका परिच्छेदात निकालात काढलं होतं. सूत्रधाराने टेबलावर मूठभर मणी ठेवायचे, आणि जो बोलेल त्याने एक मणी उचलून डब्यात टाकायचा. बोलणं म्हणजे हवा. मणी संपले की हवा संपली. बाईंना वाचता वाचताच हसू फुटलं. सतत बोलणाऱ्या भाऊजींची काय पंचाईत होईल! भांडणाचे नियम चोख होते, भीतीचे नियम तर झकासच, आणि शेवटची सूची इतकी नीट, की अंधारात बोट ठेवलं तरी हवं ते पान सापडावं. हे पुस्तक चावत होतं. कुठे टोचत नव्हतं, कुठे हलत नव्हतं.

टोचत होतं ते एकच पान. शीतनिद्रेचं.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. यानातल्या गार पेटीत झोपवून ठेवलेला माणूस कायमचा झोपून राहू शकत नाही, असं ते पान म्हणत होतं. यानाच्या घड्याळाने एक वर्ष उलटलं, की झोपलेल्यासाठी दोन फासे टाकायचे. मिळून आठ किंवा त्याहून जास्त पडले तर माणूस जागा होतो. कमी पडले तर होत नाही, कधीच. आणि फासे शक्यतो ज्याचे त्याने टाकायचे.

"ताई," गल्ल्यावरून पुस्तकवाला म्हणाला, "अजून एकदा वाचलंत तर अक्षरं पुसली जातील हो. घेताय का बांधून?"

"बघते," बाई म्हणाल्या, आणि पुस्तक फळीवर ठेवून लॅबकडे निघाल्या.

आता या बाईंना या वयात अंतराळाचं खूळ कुठून लागलं, असं तुम्ही म्हणाल. खूळ लेकीमुळे लागलं. नवरा लेक लहान असतानाच गेला होता. पुढे ती दहा वर्षांची असताना झाडावरून पडली आणि पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. बाईंना लॅबमध्ये प्लास्टर, घरी प्लास्टर. पोरगी पलंगावर पडून नुसती कावलेली. खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना वेडावून दाखवायची. तेव्हा रद्दीवाल्याच्या ढिगात बाईंना ते जुनं पुस्तक सापडलं. जाडजूड आहे, महिनाभर पुरेल, एवढाच हिशोब. पण त्यात वाचायला गोष्ट नव्हतीच, ती तर आपणच रचायची होती! बाईंनी कपाळावर हात मारला आणि नियम पाठ करायला बसल्या. कामावर मेण वितळेपर्यंत एक पान, घरी भाजी शिजेपर्यंत एक.

बाई सूत्रधार झाल्या, आणि लेकीने आपल्यासाठी यानाची कप्तान घेतली. काटकुळी, टोकदार, कुणालाही न भिणारी. नाव ठेवलं टाचणी. पहिल्याच लढाईत टाचणी मरायला टेकली, तेव्हा बाईंनी हळूच फासा बोटाने फिरवला. लेकीने ते पाहिलं. अशी रडली, अशी रडली! "मला खोटं खोटं जिंकवू नकोस. पुस्तकात आहे ते आहे." तेव्हापासून त्या घरात तो कायदाच झाला. पुस्तकात आहे ते आहे. आणि दुसरा कायदा असा, की ज्याचं माणूस त्यानेच बोलायचं. दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी सूत्रधारानेसुद्धा शब्द घालायचा नाही.

पाय बरा झाला, खेळ सुटला नाही. धाकटे दीर आले. त्यांना अख्खी गल्लीच भाऊजी म्हणते. काम लिफ्टदुरुस्तीचं, पण लिफ्ट निदान मजल्यावर थांबते, भाऊजी बोलताना थांबतच नाहीत. त्यांनी चोरटा माल नेणारा घेतला. मग समोरचे कुलूपवाले आले, शांत माणूस, त्यांनी डॉक्टर घेतला. "जन्मभर कुलपं उघडली, आता माणसं उघडू द्या," म्हणाले. दर रविवारी दुपारी चौघं त्या टेबलाशी. लेक कॉलेजात गेली तरी रविवार चुकवायची नाही.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या आदल्या रविवारी म्हणाली, "आई, टाचणीला झोपवून ठेव हं. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. दोन-तीन महिन्यांत येतेच मी." बाईंनी टाचणीला गार पेटीत झोपवलं. जुन्या पुस्तकात झोपलेल्याला कसलाच धोका नव्हता.

त्याला चार वर्षं झाली. मधे लेक दोनदा येऊन गेली, पण रविवार गाठून नाही. खुर्ची मात्र टेबलाशीच राहिली.

इथे बाईंनी अशी एक गोष्ट केली, जी असल्या खेळातला सूत्रधारच करू जाणे. झोपलेल्याला धोका नसला तरी यानाला होता. यान फुटलं तर पेटीही फुटणार. म्हणून बाईंनी यानाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ज्या वाटेला चाचे असतील ती वाटच गोष्टीत यायची नाही. उल्का आल्याच तर लांबून, बघायला छान अशा. फासा फिरवला नाही त्यांनी, कायदा मोडला नाही. फासा टाकावा लागेल असं काही घडूच दिलं नाही.

माणसं मूर्ख नसतात. मागच्या रविवारी भाऊजींचा बांध फुटला.

"वहिनी, स्पष्ट बोलू?"

"अस्पष्ट कधी बोललात?"

"आज आपण काय केलं सांगा. धान्याची पोती उतरवली. गेल्या वेळी काय केलं? पोती चढवली. अंतराळात, वहिनी! हमालीच करायची तर बाजारात जातो, दोन पैसे तरी मिळतील."

कुलूपवाल्यांनी चष्मा पुसला. "ताई, माझा डॉक्टर हातावर हात धरून बसलाय हो. कुणाला तरी जखम होऊ द्या. साधी. बोट कापलं तरी चालेल."

"नवी आवृत्ती आलीय म्हणे," भाऊजी म्हणाले. "फार जिवंत आहे म्हणतात. ती आणा आणि आमचा जीव जरा धोक्यात घाला. नाहीतर रविवारी दुपारी मी आपला घरी झोपत जाईन, खरंच सांगतो." आवाजात थट्टा होती, डोळ्यांत नव्हती.

अशी ही कोंडी. पुस्तक घ्यावं तर टाचणीसाठी फासे टाकायचे, आणि आठाखाली पडले तर लेकीने विश्वासाने झोपवून ठेवलेलं माणूस आईच्या हातून मरायचं. न घ्यावं तर रविवार मोडणार, आणि ज्या टाचणीची गोष्टच कुणी सांगत नाही, ती जिवंत राहून तरी काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लॅबच्या जिन्यात येईपर्यंत बाईंना उपाय सुचला, आणि इतका सोपा की स्वतःचंच हसू आलं. ज्याचे त्याने टाकायचे ना? मग लेकीलाच विचारू. या निमित्ताने ती एखाद्या रविवारी येईलसुद्धा. फासे टाकायलाच बोलावू तिला! एवढ्यासाठी नक्की येईल. बाईंनी तिथेच पायरीवर बसून फोन लावला.

"आई? सगळं ठीक ना?"

"ठीक गं. एक विचारायचं होतं. टाचणीबद्दल."

"कसली टाचणी?"

बाई हसल्या. गंमत करतेय कार्टी. "अगं, आपली टाचणी. कप्तान."

पलीकडे कीबोर्डवर बोटं चालली होती, ती थांबली. "आई, मला खरंच कळत नाहीये. कुठली कप्तान?"

गंमत नव्हती ती. "खेळातली," त्या हळूच म्हणाल्या. "पाय मोडला होता तुझा, तेव्हाची."

"अय्या, ते होय! तुम्ही अजून खेळता ते? काकासुद्धा? किती गोड!"

"झोपवून गेली होतीस ना तू तिला. आता नवं पुस्तक आलंय, त्यात फासे टाकून उठवायचं आहे. ज्याचं त्याने. म्हणून म्हटलं, तू एखाद्या रविवारी आलीस तर... नाहीतर मी घेतच नाही पुस्तक. तसं काही अडलेलं नाही."

"अगं, घे की! चांगलं असेल तर घे. माझ्यामुळे कशाला थांबतेस? फासे तूच टाक. मेली तर मेली, आई. खेळच तर आहे."

"हो. खेळच तर आहे."

"येणार आहे गं मी. या महिन्यात नाही जमायचं, पण बघते. आणि ऐक ना, तो माझा पलंग देऊन टाक कुणाला तरी. उगाच खोली अडवून बसलाय. चल, बोलावतायत मला, घाईत आहे जरा. काळजी घे हं."

फोन बंद झाला. पोरगी काही वाईट बोलली नव्हती. आवाजात माया होती, सुखात होती, कामात होती. प्रत्येक आई हेच तर मागते. राग यावा तर कुणावर? पण बाईंना इतकं वाईट वाटलं, की पायरीवरून उठवेना. चार वर्षं जिला डोळ्यांत तेल घालून राखलं, तिला तिची धनीण केव्हाच विसरली होती. कुणाच्या वाटेवर डोळे लावून बसलो होतो आपण? पदराने नाही, पालथ्या हाताने डोळे पुसले, आणि हाताला होतं प्लास्टर. आत गेल्या तेव्हा गाल पांढरे झाले होते. नव्या मुलींपैकी एक हसली, मग नीट बघून कामाला लागली.

शनिवारी कामावरून सुटल्यावर बाई दुकानात गेल्या. स्टुलावर बसल्या नाहीत.

"पटलं वाटतं एकदाचं?" पुस्तकवाला कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"पुस्तक चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "त्यात त्याचा काय दोष?"

रविवारी भाऊजी पुस्तकाकडे असे बघत होते, जसं काही त्यांच्याच घरी पाळणा हललाय. वास घेतला, चित्रं पाहिली, मण्यांचा नियम वाचून "हा माझ्यावर डूख धरून लिहिलाय," म्हणाले. मग बाईंनी ते पान उघडून समोर ठेवलं. भाऊजींनी ते दोनदा वाचलं. कुलूपवाल्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "एवढा एक नियम आपण वगळू. कोण बघायला येतंय?"

"खरंच ताई. आमची काही हरकत नाही. ठकीला आधी विचारू तरी."

ठकी म्हणजे लेक. कुलूपवाले तिला लहानपणापासून ठकीच म्हणत.

"विचारलं," बाई म्हणाल्या. "मीच टाकायचे आहेत. आणि पुस्तकात आहे ते आहे."

त्यांनी फासे मुठीत घेतले. तोंडाने काही पुटपुटल्या नाहीत, डोळे मिटले नाहीत. पण मनातून त्यांना एक विचित्र गोष्ट वाटत होती, आणि ती सांगायलाच हवी. त्यांना वाटत होतं, कमी पडू दे. मरू दे बाई एकदाची. म्हणजे मला रडायला कारण होईल.

फासे घरंगळले. पाच आणि सहा.

"अकरा!" भाऊजींनी टेबलावर अशी थाप मारली की डब्यातले मणी उडाले. "उठली! अहो, उठली आपली टाचणी!" कुलूपवाल्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. दोघांचे चेहरे लहान पोरांसारखे फुलले होते.

बाईंनी गोष्ट सुरू केली. पेटीचं झाकण हळूहळू उघडतं, गार वाफ बाहेर येते, आत टाचणी डोळे उघडते. भाऊजींनी आपल्या माणसाकडून तिला गरम पांघरूण आणवलं. कुलूपवाल्यांच्या डॉक्टरने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा काम मिळालं होतं त्याला. मग सवयीने, नेहमीच्या क्रमाने, बाई चौथ्या खुर्चीकडे वळल्या आणि म्हणाल्या:

"टाचणी, तू काय करतेस?"

खुर्ची रिकामी होती. ती चार वर्षं रिकामीच होती, पण झोपलेल्याला कुणी काही विचारत नसतं. आज विचारलं गेलं. भाऊजींची मान खाली गेली.

बाई थांबल्या. ज्याचं माणूस त्यानेच बोलायचं.

"ती बसेल जरा वेळ," कुलूपवाले शेवटी म्हणाले. "उठल्या उठल्या चक्कर येते माणसाला. डॉक्टर म्हणून सांगतोय, ताई. घाई नको. बसू दे तिला."

"नको," बाई म्हणाल्या. "किती दिवस बसवून ठेवायचं?" आणि त्या घरातला दुसरा कायदा त्यांनी मोडला. "टाचणी पुढच्या तळावर उतरते. तिथे तिला काम मिळालंय. मोठं यान आहे, नवं. तिचं सामान द्या तिला."

भाऊजींनी सामान दिल्याची मान हलवली.

"दार उघडतं. ती उतरते." बाईंनी रिकाम्या खुर्चीवरची नजर काढून दाराकडे लावली. "चांगली चालतेय. पाय अगदी बरा आहे."

"मागे वळून बघते का हो?" कुलूपवाल्यांनी विचारलं. विचारल्यावर त्यांनाच वाटलं, जीभ चावावी.

"नाही," बाई म्हणाल्या. "घाईत आहे ती."

मग त्या रडल्या. तोंड न लपवता, दोन्ही हात टेबलावर तसेच ठेवून रडल्या. कुणी उठलं नाही, कुणी पाणी आणलं नाही. भाऊजी, ज्यांना गप्प बसणं म्हणजे शिक्षा, ते टेबलावरच्या एका ओरखड्यावर नख फिरवत राहिले.

थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले. मणी वेचून टेबलाच्या मधोमध ठेवले आणि पुस्तक पुढ्यात ओढलं.

"तळ सोडून तुम्ही निघालात," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वळणावर एक काळं यान दबा धरून बसलंय. त्याचा पहिला गोळा तुमच्या यानाला लागतो. मागची भिंत फाटते, गार पेटी होती तिथली. पेटी बाहेर उडून जाते. रिकामीच आहे. हवा निघून चालली आहे. भाऊजी, तुम्ही काय करता?"

चार वर्षं भाऊजींनी याचीच वाट पाहिली होती. त्यांनी एकदा मण्यांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. पण वहिनींचे डोळे अजून लाल होते, आणि बोलायला लागणारा मणी काही त्यांनी इतक्यात उचलला नाही.